सुटले काय आणि मिळाले काय : व्यसनमुक्तीच्या मोजमापाचा इतिहास

व्यसनावर उपचार घेतलेला माणूस बरा झाला, असे कोणत्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न व्यसनोपचाराइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक काळात तो प्रश्न विचारणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बदलत गेले. धर्मोपदेशकाला शपथ पाळली गेली की नाही हे हवे होते, न्यायालयाला गुन्हा पुन्हा घडला की नाही हे हवे होते, सरकारला खर्च केलेल्या पैशाचा हिशेब हवा होता, आणि विमा कंपनीला तोच रोगी पुन्हा दाखल होणार नाही याची खात्री हवी होती. या सर्वांना पुरेल असे एकच उत्तर उपलब्ध होते आणि ते नकारार्थी होते : दारू नाही, अफू नाही, अटक नाही, पुन्हा भरती नाही. त्या माणसाला आता जगावेसे वाटते का, स्वतःविषयी त्याचे मत काय आहे, घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी त्याचे नाते कसे आहे, पुढच्या दिवसांना काही दिशा आहे का, या गोष्टींना मानसशास्त्रात ‘सकारात्मक मानसिक आरोग्य’ म्हणतात, म्हणजे केवळ चिंता आणि नैराश्य यांचा अभाव नव्हे, तर समाधान, आत्मस्वीकार, जिव्हाळ्याचे संबंध आणि आपण समाजाचे आहोत ही भावना यांची प्रत्यक्ष उपस्थिती. व्यसनातून बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत हे आरोग्य पद्धतशीरपणे मोजण्याचा विचार फार उशिरा सुरू झाला, आणि तो ज्या वाटांनी आला त्यांतील बऱ्याचशा वाटा व्यसनोपचाराच्या बाहेरून येणाऱ्या होत्या.

गंमत अशी की या क्षेत्रातील अगदी पहिल्या मोजपट्टीत सकारात्मक बाजू होती. फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. त्यांनी 1784 मध्ये तीव्र मद्याचे शरीरावर आणि मनावर होणारे परिणाम सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि पुढे तिला ‘नैतिक आणि शारीरिक तापमापका’ची जोड दिली. या कागदी तापमापकावर मध्ये शून्य होते. शून्याच्या वर सर्वांत उंच जागी पाणी होते आणि त्याच्यासमोर आरोग्य व संपत्ती असे फळ लिहिलेले होते. खाली उतरत जाताना दूधपाणी, सौम्य बिअर आणि मग सायडर व वाइन यांच्या जागा होत्या, आणि त्यांच्यासमोर मनाची शांती, लौकिक, दीर्घायुष्य, सुख, जेवणाबरोबर माफक घेतल्यास प्रसन्नता आणि बळ, अशी नोंद होती. शून्याखाली पंच, टॉडी, ग्रॉग अशी उतरंड लागून दिवसरात्र घेतल्या जाणाऱ्या कडक दारूपर्यंत पट्टी जात असे, आणि तिच्या शेजारी दुर्गुण, रोग आणि शिक्षा यांचे तीन रकाने कर्ज, तुरुंग आणि अखेर फास इथपर्यंत उतरत असत. रश यांची पट्टी माणसाला नव्हे तर पेयाला गुण देत होती, कोणाला काही विचारून ती तयार झालेली नव्हती आणि तिच्या मागे आकडे नव्हते, हे सर्व खरे; तरीही मनःशांती आणि सुख या गोष्टी मोजपट्टीवर लिहिण्यासारख्या आहेत, ही समज तिच्यात आहे. पुढच्या पिढीतील मद्यपानविरोधी चळवळ 1830 च्या दशकात संपूर्ण वर्ज्यतेकडे वळली आणि मग वाइनसमोरची प्रसन्नता ही अडचणीची नोंद ठरली. पट्टीचा वरचा अर्धा भाग निरुपयोगी झाला आणि खालचा तेवढा टिकला.

एकोणिसाव्या शतकाचा उरलेला भाग मोजमापाच्या दृष्टीने लवकर ओलांडता येतो. बाल्टिमोर येथे 1840 मध्ये सहा पिणाऱ्यांनी एकत्र येऊन सुरू केलेली वॉशिंग्टोनियन चळवळ शपथपत्रावरील सह्या मोजत असे, आणि ती विरून गेल्यावर त्या सह्यांपैकी किती टिकल्या हे सांगणारे फारसे कोणी उरले नाही. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे 1864 मध्ये मद्यासक्तांसाठी खास आश्रयालय उघडले आणि पाठोपाठ इतरत्रही तशी आश्रयालये निघाली. त्यांच्या चालकांची 1870 मध्ये संघटना झाली आणि काही वर्षांत नियतकालिकही निघाले. इलिनॉयमधील ड्वाइट गावी लेस्ली कीली यांनी सुवर्णक्षार असल्याचे सांगितलेल्या औषधाचा व्यवसाय उभारला आणि शंभरातील पंचाण्णव रोगी बरे होतात असा दावा केला. बरे होणे म्हणजे काय आणि किती काळ, हे त्या दाव्यात कुठेच नव्हते. जाहिरातीला त्याची गरज नसते.

मोजमापाला खरी शिस्त आली ती तुरुंगाच्या आवारात. हॅरिसन कायद्याने 1914 पासून अमेरिकेत अफू, मॉर्फिन, हेरॉइन आणि कोकेन यांच्यावर कडक नियंत्रण आले, आणि त्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांनी संघीय तुरुंग भरू लागल्यावर केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे 1935 मध्ये ‘नार्कोटिक फार्म’ म्हणून ओळखली जाणारी संस्था सुरू झाली. ती अर्धी तुरुंग आणि अर्धी रुग्णालय होती. सार्वजनिक आरोग्य सेवेचे डॉक्टर ती चालवत, शेती आणि गोठ्याचे काम रुग्णांकडून करून घेतले जाई, आणि शिक्षा भोगणाऱ्यांबरोबर स्वतःहून दाखल झालेलेही तिथे राहत. तिथून बाहेर पडलेल्या 4,766 पुरुषांचा पाठपुरावा मायकेल पेस्कॉर यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे चाळीस टक्के पुन्हा नशेकडे वळलेले, जवळपास तितक्यांचाच ठावठिकाणा नाही, सात टक्के मृत आणि साडेतेरा टक्के नशेपासून दूर, असे चित्र निघाले. पुढे न्यूयॉर्कच्या सुमारे 1,900 रुग्णांचा पाठपुरावा 1962 मध्ये छापला गेला, त्यात पाठपुरावा होऊ शकलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा नशा करू लागल्याचे आढळले, आणि व्यसन म्हणजे हमखास पुनरावृत्ती हे समीकरण वैद्यकात रूढ झाले. पेस्कॉर यांच्या कोष्टकात चारच कप्पे होते, हे इथे महत्त्वाचे आहे. साडेतेरा टक्क्यांच्या कप्प्यात काम मिळालेला, संसार सावरलेला माणूस आणि भाड्याच्या खोलीत एकटा बसून राहणारा माणूस यांची नोंद एकच होती.

याच संस्थेला जोडलेल्या व्यसन संशोधन केंद्रात माणसाला किती बरे वाटते हे मोजणारे एक अत्यंत काटेकोर साधन तयार झाले, हा या इतिहासातील सर्वांत विचित्र योगायोग म्हणावा लागेल. हॅरिस हिल, चार्ल्स हार्टझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी साडेपाचशे विधानांची प्रश्नावली बांधली. प्रत्येक विधानाला खरे किंवा खोटे असे उत्तर द्यायचे होते, आणि तिच्यातील ‘मॉर्फिन-बेंझेड्रिन गट’ या नावाची उपपट्टी हर्षोन्माद, म्हणजे औषधाने आलेली अतिसुखाची अवस्था, मोजण्यासाठी वापरली जाऊ लागली. या उपपट्टीवर एखाद्या नव्या औषधाने जास्त गुण मिळवले तर ते औषध व्यसन लावण्याच्या दृष्टीने धोकादायक समजले जाई. अशा रीतीने व्यसनाच्या क्षेत्रात ‘मला छान वाटते आहे’ हे वाक्य आरोग्याची खूण म्हणून नव्हे, तर धोक्याची सूचना म्हणून शास्त्रात दाखल झाले. व्यसनी माणसाच्या सुखाकडे संशयाने पाहण्याची सवय त्याआधीही होतीच. लेक्सिंग्टनने तिला आकडे दिले. सकारात्मक मानसिक आरोग्याची साधने या क्षेत्रात यायला उशीर का लागला, याचे एक कारण या संशयात शोधावे लागते.

लेक्सिंग्टनची संस्था उघडली त्याच 1935 या वर्षी ओहायोतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आता मराठीतही ‘एए’ याच नावाने ओळखली जाणारी स्वमदत संघटना जन्मली. वरवर पाहता एएनेही वर्ज्यतेचेच दिवस मोजले : आजचा दिवस, तीस दिवस, एक वर्ष, आणि त्यांच्या खुणा म्हणून दिली जाणारी पदके. परंतु संघटनेच्या आतल्या बोलण्यात दुसरी एक मोजपट्टी होती. दारू सोडूनही ज्याचा त्रागा, आत्मकीव आणि इतरांवरचा राग तसाच राहिला आहे, अशा सभासदाला तिथे ‘ड्राय ड्रंक’ म्हणत. दारू बंद होणे आणि माणूस बरा होणे या दोन घटना वेगळ्या आहेत, ही जाण त्या नावात होती, आणि ती जाण ज्यांनी स्वतः दारू सोडली होती त्यांची होती. विल्सन यांनी 1934 च्या अखेरीस दारू सोडली आणि त्यानंतर दहा वर्षांनी त्यांना दीर्घ नैराश्याने गाठले, जे 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकले. ज्या माणसाने जगाला सोब्रायटीचा, म्हणजे नशेविना जगण्याचा, मार्ग दाखवला तो स्वतः सोबर असूनही सुखी नव्हता, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. संघटनेच्या ‘ग्रेपव्हाइन’ या मासिकाच्या जानेवारी 1958 च्या अंकात त्यांचे एक पत्र आले, आणि त्यात त्यांनी दारू सुटल्यानंतरचा पुढचा टप्पा म्हणून भावनिक सोब्रायटीचा विचार मांडला. माणसांवर आणि परिस्थितीवर मान्यता व सुरक्षितता यांसाठी पूर्णपणे विसंबून राहणे हे आपल्या दुःखाचे मूळ असल्याचे त्यांचे निदान होते.

त्याच 1958 मध्ये इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ मॅक्स ग्लॅट यांनी एक आकृती प्रसिद्ध केली. नाझी जर्मनीतून निसटलेले ग्लॅट वॉर्लिंगहॅम पार्क रुग्णालयात मद्यासक्तांच्या गटोपचाराचा विभाग चालवत होते. अमेरिकेतील ई. एम. जेलिनेक यांनी एए सभासदांच्या उत्तरांवरून मद्यासक्तीच्या घसरणीचे टप्पे आधीच मांडले होते. ग्लॅट यांनी त्या घसरणीला चढणीची दुसरी बाजू जोडली आणि इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वक्ररेषा काढली. उजवीकडच्या चढणीवर मदत मागण्याची प्रामाणिक इच्छा, स्वच्छ राहणी, नैसर्गिक झोप, आर्थिक स्थैर्याची पहिली पावले, नवे छंद, भावनांवरचा वाढता ताबा, आणि सर्वांत वर दारूशिवायचे समाधान, अशा पायऱ्या होत्या. आज जगभरच्या उपचार केंद्रांच्या भिंतींवर ही आकृती जेलिनेक यांच्या नावाने लावलेली दिसते. ग्लॅट यांच्या वाट्याला त्याचे श्रेय क्वचितच येते. रश यांच्या तापमापकाचा हरवलेला वरचा भाग जवळपास पावणेदोनशे वर्षांनी या आकृतीत परत आला, आणि या वेळी तो पेयाचा नव्हे, तर सावरत जाणाऱ्या माणसाचा होता. मात्र ही आकृती होती, माप नव्हते. रुग्ण कोणत्या पायरीवर आहे हे ठरवण्याची रीत ग्लॅट यांनी दिली नव्हती.

तिसरी घटना व्यसनाशी संबंध नसलेली आहे आणि तरीही याच वर्षाची आहे. अमेरिकेच्या संसदेने 1955 मध्ये केलेल्या कायद्यातून मानसिक आजार आणि आरोग्य यांचा आढावा घेणारा संयुक्त आयोग नेमला गेला, आणि त्याच्या ग्रंथमालेत मारी याहोडा यांचे सकारात्मक मानसिक आरोग्याच्या संकल्पनांवरील छोटेखानी पुस्तक 1958 मध्ये निघाले. याहोडा मूळच्या व्हिएन्नाच्या. पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांच्याबरोबर त्यांनी व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावाचा अभ्यास केला होता. तिथली कापडगिरणी बंद पडून जवळपास सगळे गाव बेकार झाले होते. संशोधकांनी त्या गावातील माणसांच्या चालण्याचा वेग मोजला, ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या पाहिली, आणि हाताशी सगळा दिवस मोकळा असतानाही लोक आधीपेक्षा कमी वाचतात, रस्त्यात अधिक वेळा थांबतात, असे त्यांना आढळले. 1933 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा इथे उल्लेख करण्याचे कारण असे की, दारू सोडलेल्या माणसाच्या पहिल्या काही महिन्यांशी त्याचे साम्य विलक्षण आहे. पिणे हे त्या माणसाचे वेळापत्रक असते, मित्रमंडळ असते आणि संध्याकाळ असते; ते गेल्यावर जो रिकामा वेळ उरतो तो मारिएनथालच्या रिकाम्या वेळासारखा माणसाला आळसावलेला आणि हेतुशून्य करतो, आणि वर्ज्यतेचा कोणताही आकडा तो रिकामेपणा दाखवू शकत नाही.

याहोडा यांनी 1936 मध्ये तुरुंगवास भोगला, देश सोडला, आणि अनेक वर्षांनी अमेरिकेत हे पुस्तक लिहिले. आजाराचा अभाव ही मानसिक आरोग्याची पुरेशी कसोटी नाही असे सांगून त्यांनी सहा निकष पुढे ठेवले : स्वतःकडे पाहण्याची दृष्टी, स्वतःच्या क्षमतांचा विकास, व्यक्तिमत्त्वाची एकसंधता, स्वायत्तता, वास्तवाचे यथार्थ आकलन आणि परिस्थितीवर पकड. यांतील प्रत्येक निकष मूल्यांवर उभा आहे आणि समाज बदलला की त्याचे वजन बदलेल, हे भानही त्यांना होते. विल्सन, ग्लॅट आणि याहोडा यांचे तीन प्रवाह एकाच वर्षी वाहत होते, पण ते एकमेकांना मिळाले नाहीत. एए विद्यापीठांबाहेर होती, ग्लॅट मद्यासक्तीच्या मर्यादित नियतकालिकात लिहीत होते, आणि याहोडा यांच्या वाचकांना व्यसनी माणसे हा निरोगी मनाच्या चर्चेचा विषय वाटत नव्हता.

हे प्रवाह न मिळण्याची किंमत किती होती ते चार वर्षांत दिसले. डोनाल्ड जेरार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये किमान वर्षभर दारूपासून दूर असलेल्या पन्नास जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रूढ मोजपट्टीने हे सर्व पन्नास जण उपचारांचे यश होते. संशोधकांनी त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलून पाहिले तेव्हा निम्म्याहून थोडे अधिक लोक उघडपणे अस्वस्थ, चिडखोर किंवा खचलेले आढळले. सुमारे पाव हिस्सा लोकांना उघड त्रास नव्हता, पण त्यांचे जगणे निरस आणि आक्रसलेले होते. आणि एए च्या आधाराने किंवा स्वतःच्या बळावर खरोखर उभे राहिलेले लोक एकूण पाचव्या हिश्शाच्या आसपास होते. नमुना लहान होता, वर्गवारी संशोधकांच्या निर्णयावर अवलंबून होती, आणि एवढ्यावरून कोणतीही टक्केवारी सर्वत्र लागू करता येणार नाही. तरीही वर्ज्यता म्हणजे आरोग्य या गृहीतकाला इतका थेट धक्का त्यापूर्वी कोणी दिला नव्हता. मॅन्सेल पॅटिसन यांनी त्या दशकात हाच मुद्दा पुढे नेला आणि पिणे, मन, नातेसंबंध, काम व शरीर या गोष्टी एकाच वेगाने सुधारत नाहीत, म्हणून त्या वेगवेगळ्या मोजाव्यात, अशी मांडणी केली.

पण त्याच 1962 मध्ये लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डी. एल. डेव्हिस यांनी 93 रुग्णांपैकी सात जण पुन्हा सामान्य प्रमाणात पिऊ लागल्याचे नोंदवले आणि सगळे लक्ष तिकडे गेले. मद्यासक्त माणूस मर्यादेत पिऊ शकतो का, या वादाने पुढची वीस वर्षे व्यापली. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 1976 च्या अहवालाने तो पेटवला आणि 1982 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मर्यादित पिण्याच्या एका जुन्या प्रयोगाची फेरतपासणी आल्यावर तो अप्रामाणिकपणाच्या आरोपांपर्यंत गेला. चौकशीत ते आरोप टिकले नाहीत. दोन्ही बाजू पेल्यांची संख्या मोजत होत्या. पेला हाच वादाचा विषय झाल्यावर पेल्यापलीकडच्या आयुष्याचे माप कोण घेणार होते?

विस्तृत मोजमापाची पहिली व्यवहार्य सोय 1980 मध्ये झाली, आणि तीही रश यांच्याच फिलाडेल्फियात. टॉमस मॅक्‌लेलन, लेस्टर लुबोर्स्की, जॉर्ज वुडी आणि चार्ल्स ओब्रायन यांनी तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ‘व्यसनतीव्रता निर्देशांक’ तयार केला. मुलाखत घेऊन भरायच्या या साधनात शारीरिक आरोग्य, रोजगार, दारू, इतर मादक पदार्थ, कायदेशीर अडचणी, कौटुंबिक व सामाजिक संबंध आणि मानसिक त्रास, अशी सात क्षेत्रे होती. व्यसन हा एकच आकडा नाही हे त्याने प्रस्थापित केले, आणि ते साधन अनेक देशांत व अनेक भाषांत पोहोचले. त्याची मर्यादा रचनेतच होती : सातही क्षेत्रांत अडचणी मोजल्या जात आणि सर्वांत चांगला गुण शून्य असे. कुटुंबाशी भांडण नाही म्हणून शून्य मिळवणारा आणि कुटुंबच उरले नाही म्हणून भांडण नसलेला, या दोघांतला फरक जाणकार मुलाखतकाराला कळत असेल. आकड्याला तो कळणे अवघड होते.

सकारात्मक बाजूचे माप शेवटी सामान्य लोकसंख्येच्या अभ्यासातून आले. कॅरल रिफ यांनी 1989 मध्ये याहोडा आणि इतर विचारवंतांच्या निकषांचा आधार घेऊन मानसिक सुस्थितीच्या सहा परिमाणांच्या पट्ट्या बांधल्या. कोरी कीझ यांनी 2002 मध्ये अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक प्रौढांच्या सर्वेक्षणावरून असे दाखवले की मानसिक आजार आणि मानसिक आरोग्य ही एकाच रेषेची दोन टोके नसून त्या परस्परांशी संबंधित पण वेगळ्या दोन रेषा आहेत. ज्याला कोणताही निदान करण्याजोगा आजार नाही तोही कोमेजलेला, म्हणजे उत्साह, हेतू आणि आपलेपणा यांना मुकलेला असू शकतो. उलट ज्याच्यात लक्षणे आहेत तो पुष्कळ अंशी बहरलेलाही असू शकतो. कीझ यांच्या संक्षिप्त प्रश्नावलीत चौदा प्रश्न आहेत : तीन भावनिक, पाच सामाजिक आणि सहा मानसिक सुस्थितीविषयी. गेल्या महिन्यात अमुक अनुभव किती वेळा आला असे विचारले जाते, आणि तीन भावनिक प्रश्नांपैकी किमान एक व उरलेल्या अकरांपैकी किमान सहा अनुभव रोज किंवा जवळजवळ रोज येत असतील तर ती व्यक्ती बहरलेली मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाच्या पुढाकाराने 1998 मध्ये आलेली पाच प्रश्नांची पट्टी आणि 2007 ची वॉरिक-एडिनबरो पट्टी यांचाही रोख हाच आहे. एए च्या सभांमधील ‘ड्राय ड्रंक’ला मानसशास्त्राच्या कोष्टकात अशा रीतीने जागा मिळाली, फक्त कोष्टक करणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नव्हता.

भारतात हा विषय थोड्या वेगळ्या वाटेने आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाच्या आश्रयाने हेल्मुट सेल आणि आर. नागपाल यांनी भारतात विकसित केलेली, 1992 मध्ये प्रसिद्ध झालेली चाळीस प्रश्नांची सुस्थिती सूची अमेरिकेतील कीझ यांच्या पट्टीपेक्षा दहा वर्षांनी जुनी आहे. तिच्यात कुटुंबाचा आधार, जवळच्या माणसांविषयीची काळजी आणि रोजच्या जगण्यापलीकडच्या अनुभवाची जाणीव यांना स्वतंत्र घटकांचा दर्जा आहे. भारतीय रुग्णाच्या बाबतीत हे योग्यच आहे, कारण इथे उपचाराला आणणारी, खर्च करणारी आणि बरे झाल्याची साक्ष देणारी व्यक्ती बहुधा बायको, आई किंवा भाऊ असते. पण याच गुणात एक अडचण दडलेली आहे : वर्षानुवर्षांच्या पिण्याने ज्याचे घर मोडले आहे, त्याला अशी पट्टी कमी गुण देणारच, मग तो स्वतः कितीही सावरलेला असो.

महाराष्ट्रात तर सरकारी दृष्टी बराच काळ पेल्यावरच खिळलेली राहिली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली दारू पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो प्रकृतिस्वास्थ्याच्या कारणाने मिळतो; आरोग्य आणि दारू यांची कागदोपत्री सांगड घालणारी ही तरतूद रश यांच्या तापमापकावर शोभली असती. उपचाराचे काम संस्थांनी उभे केले. फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले आणि एए च्या पायऱ्यांना योगाची जोड दिली. पुण्यात गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या साथीवर अनिल अवचट यांनी लेखन केले, आणि पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या देणगीच्या बळावर 1986 मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्याचा कणा होत्या डॉ. अनिता अवचट. तिथे रुग्णाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’सारखा आधारगट चालतो, पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला जातो, आणि व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो. वाढदिवसाला किती वर्षे झाली हे मोजले जाते, आणि त्या निमित्ताने माणूस काय बोलतो, घरचे त्याच्याविषयी काय सांगतात, यातून ग्लॅट यांच्या चढणीवरील पायऱ्या ऐकू येतात. ही माहिती समुपदेशकांच्या अनुभवात साठत जाते. तिची प्रश्नावली होणे ही वेगळी कामगिरी आहे आणि तिला कमी लेखू नये, तसेच तिच्याविना हे केंद्र आंधळे होते असेही समजू नये.

एकविसाव्या शतकात व्याख्याच बदलल्या. रॉबर्ट ग्रॅनफील्ड आणि विल्यम क्लाउड यांनी 1999 मध्ये ‘पुनर्लाभाचे (रिकव्हरीचे) भांडवल’ ही कल्पना मांडली, म्हणजे माणसे, पैसा, कौशल्य, आरोग्य आणि मूल्ये यांचा तो साठा, ज्याच्या जोरावर व्यसनमुक्ती टिकते. बेटी फोर्ड संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी 2007 मध्ये पुनर्लाभाची व्याख्या वर्ज्यता, वैयक्तिक आरोग्य आणि नागरिकत्व अशा तीन अंगांनी केली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये जोआन नील यांच्या नेतृत्वाखाली 2016 मध्ये तयार झालेली 21 प्रश्नांची पट्टी तर व्यसनातून सावरणाऱ्यांनाच विचारून, त्यांच्याच शब्दांत बांधलेली आहे. दोन शतकांच्या या इतिहासात मोजला जाणारा माणूस मोजपट्टी घडवायला बसल्याची उदाहरणे फार थोडी आहेत, आणि या अभ्यासाचे मोल त्यात आहे.

तरीही सकारात्मक आरोग्याचे माप व्यसनोपचारात वापरताना एक धोका उरतो आणि तो साधनाचा नसून वेळेचा आहे. केंद्रातून नुकताच बाहेर पडलेला माणूस पुष्कळदा अवास्तव आनंदात असतो, ज्याला एए मध्ये ‘पिंक क्लाउड’ म्हणतात. त्या दिवसांत भरलेली कोणतीही प्रश्नावली बहर दाखवील, आणि समोर घरी सोडण्याचा अधिकार असलेला समुपदेशक बसला असेल तर अधिकच दाखवील. त्यानंतर उतार येतो. जॉन केली आणि सहकाऱ्यांनी दारू किंवा अन्य मादक पदार्थांची समस्या मागे टाकलेल्या सुमारे दोन हजार अमेरिकन प्रौढांच्या सर्वेक्षणावरून 2018 मध्ये दाखवले की पहिल्या वर्षात सुखाची भावना आणि आत्मसन्मान आधी खाली जातात आणि मग वर चढू लागतात, आणि जीवनमानातील मोठी वाढ पहिल्या सहा वर्षांत होते. निरनिराळ्या टप्प्यांवरील माणसांची एकाच वेळी पाहणी करून काढलेला हा निष्कर्ष आहे, त्याच माणसांमागे वर्षानुवर्षे जाऊन काढलेला नव्हे. तेवढी मर्यादा मान्य करूनही तो ड्राय ड्रंकविषयीच्या जुन्या कठोर निकालाला मवाळ करतो, कारण जेरार्ड यांना भेटलेल्या अस्वस्थ माणसांपैकी काही जण अपयशी नसून केवळ वाटेत असतील.

म्हणून उपचार केंद्राने घेतलेल्या सुस्थितीच्या गुणांशेजारी नशा सोडल्याची तारीख आणि प्रश्नावली कोणी, कुठे भरून घेतली याची नोंद नसेल, तर तो आकडा कीली यांच्या पंचाण्णव टक्क्यांहून फारसा अधिक विश्वसनीय नाही; आणि पहिल्या वर्षानंतर पाठपुरावा थांबवणारे कोणतेही मोजमाप व्यसनमुक्तीतील सर्वांत मोठी वाढ पाहण्याआधीच वही मिटते.